बेटकुळीचं खरं काम

ताकद दाखव म्हटलं की पोरगं हात कोपरात वाकवतं, मूठ आवळतं आणि दंडावर बेटकुळी काढतं. व्यायामशाळेच्या पाटीवरचा पैलवान हेच करतो आणि शाळेच्या पुस्तकातली आकृतीही हेच सांगते: दंडाच्या पुढच्या बाजूला बायसेप्स, मागच्या बाजूला ट्रायसेप्स, पहिला आखडला की हात वाकतो, दुसरा आखडला की सरळ होतो. मांडणी सुटसुटीत आहे, लक्षात राहते, परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देते. ती खोटीही नाही. पण तिच्यात श्रेयाची वाटणी चुकली आहे. कोपर वाकवण्याचं रोजचं, भरवशाचं काम करतो तो बेटकुळीच्या खाली दडलेला, बहुतेकांनी नावही न ऐकलेला दुसराच स्नायू. बेटकुळीचा स्नायू त्या कामाला हातभार लावतो, तोही परिस्थिती पाहून. त्याची खरी मातब्बरी आहे ती तळहात उताणा करण्यात. हे पटवून घ्यायचं तर एक भेद आधी ध्यानात घ्यायला हवा. एखादा स्नायू काय करू शकतो हा एक प्रश्न, आणि आपण हात चालवतो तेव्हा तो प्रत्यक्षात काय करतो हा दुसरा. दंडाच्या बाबतीतला गोंधळ हे दोन प्रश्न एकच मानल्यामुळे झाला आहे.

स्नायूला एकच गोष्ट येते: आखडणं आणि ओढणं. तो कधी ढकलत नाही. म्हणून त्याचं काम ओळखायचं तर तो कुठून निघतो आणि कोणत्या हाडाला जाऊन चिकटतो, हे आधी पाहावं लागतं. दंडात हाड एकच, ह्युमरस. कोपराच्या खाली मात्र दोन: करंगळीच्या बाजूला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूला रेडियस. टेबलावर कोपर टेकवल्यावर जे टोक लागतं ते अल्नाचं. हे हाड ह्युमरसच्या खालच्या टोकाला वरून-खालून असं कवेत घेतं की त्याला वाकणं आणि सरळ होणं एवढंच शक्य राहतं. म्हणूनच याला बिजागरीचा सांधा म्हणतात. रेडियसचं तसं नाही. त्याचं वरचं टोक चकतीसारखं गोल आहे आणि अस्थिबंधाच्या एका कड्यात बसवलेलं आहे. त्या कड्यात ते स्वतःभोवती फिरतं आणि त्याचं खालचं टोक पंजाला घेऊन अल्नाभोवती वळतं. तळहात उताणा असताना ही दोन हाडं शेजारी शेजारी, समांतर असतात. पालथा केला की रेडियस अल्नावरून तिरकं जातं. वाकणं अल्नाच्या मुक्कामी होतं आणि फिरणं रेडियसच्या, ही एवढी वाटणी लक्षात ठेवली की पुढचं सगळं तिच्यातूनच उलगडत जातं.

आता बायसेप्सचा पत्ता पाहू. त्याला दोन शिरं आहेत आणि दोन्ही खवाट्याच्या हाडावरून, म्हणजे स्कॅप्युलावरून निघतात. आखूड शीर त्या हाडाच्या चोचीसारख्या टोकावरून येतं. लांब शीर खांद्याच्या खोबणीच्या माथ्यावरून निघून, सांध्याच्या आतून ह्युमरसच्या गोल डोक्यावरून वळसा घेतं आणि हाडावरच्या एका पन्हळीतून खाली उतरतं. काही माणसांत ह्युमरसवरून निघणारं तिसरं शीरही सापडतं. पण सर्वसाधारण रचनेत हा स्नायू ज्या हाडावर पसरलेला दिसतो त्याला कुठेच चिकटलेला नसतो. खाली त्याची जाड कंडरा कोपर ओलांडून जाते आणि रेडियसच्या आतल्या अंगाला असलेल्या उंचवट्याला धरते. इथे मुद्दा येतो. हात पालथा केला की रेडियस फिरतं, तो उंचवटा मागच्या बाजूला जातो आणि कंडरा हाडाभोवती गुंडाळली जाते, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशी. या अवस्थेत बायसेप्स आखडला तर गुंडाळी सुटते, हाड फिरतं आणि तळहात उताणा होतो. कोपर काटकोनाच्या आसपास वाकलेलं असताना ही ओढ सर्वांत सोयीच्या कोनात बसते. हात सरळ असताना ती बरीच कमी पडते. कंडरेतून एक पातळ पडदा अल्नाच्या बाजूच्या आवरणाकडेही जातो, हे खरं. पण मुख्य पकड रेडियसवर आहे, आणि रेडियस हे फिरणारं हाड आहे.

त्याच्या खाली दडलेल्या स्नायूचं नाव ब्रेकिॲलिस. ह्युमरसच्या पुढच्या बाजूचा खालचा अर्धा भाग व्यापून तो निघतो आणि कोपर ओलांडून थेट अल्नाला चिकटतो. अल्नाला फिरता येत नाही, म्हणून ब्रेकिॲलिसलाही फिरवता येत नाही. त्याची सगळी ओढ वाकवण्यातच खर्ची पडते. तळहात उताणा असो, पालथा असो की अंगठा वर धरलेला असो, त्याच्या कंडरेची दिशा तसूभरही बदलत नाही. बांधणीही कामाला साजेशी आहे. स्नायूचा जोर त्याच्या लांबीवर नाही तर जाडीवर, म्हणजे शेजारी शेजारी किती तंतू ओढतात यावर ठरतो. बायसेप्सचे तंतू लांब आहेत, कारण त्याला खांदा आणि कोपर ओलांडून वर रेडियसही फिरवायचं असतं. त्याला जास्त अंतर आखडावं लागतं. ब्रेकिॲलिसचे तंतू त्या मानाने आखूड, पण संख्येने जास्त. एका वेळी ओढणाऱ्या तंतूंचं क्षेत्रफळ मोजलं तर ब्रेकिॲलिस सहसा बायसेप्सच्या पुढे निघतो. आणि जोर इथे लागतोच. या स्नायूंच्या कंडरा कोपराच्या आसापासून अवघ्या काही सेंटिमीटरवर धरतात, तर हातातलं वजन त्या आसापासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर असतं. काटकोनात वाकवलेल्या हातात 5 किलोची पिशवी तोलायची तर कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना मिळून त्याच्या सात-आठपट ओढ लावावी लागते. ताकदीचा हा तोटा वेगाने भरून निघतो: स्नायू थोडासा आखडतो आणि पंजा हातभर सरकतो.

रचना एवढं सांगते. पण ती सांगते ते शक्यतेबद्दल. प्रत्यक्षाची पहिली चाचणी वाचकाला बसल्या जागी करता येईल. उजवं कोपर अंगाला लावून काटकोनात वाकवा आणि डाव्या हाताची बोटं बेटकुळीच्या जागी ठेवा. आता उजव्या हाताने घट्ट बसलेला स्क्रू पेचकसाने आणखी आवळायचा आहे असं समजून, एखादी न हलणारी मूठ जोराने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिरगाळा. कोपराचा कोन जराही बदललेला नसतो, तरी बोटांखाली बेटकुळी टणक होते आणि कोपराच्या खळगीत कंडरा दोरीसारखी ताठ लागते. तोच जोर उलट्या दिशेने लावला की बेटकुळी ढिली पडते. उजव्या हाताच्या माणसाला साधा स्क्रू आवळताना बायसेप्सची साथ मिळते आणि सोडवताना मिळत नाही, ती यामुळेच. डावखुऱ्यांचं गणित याच्या उलट. ही गोष्ट काल-परवा कळलेली नाही. लिओनार्दो दा विंचीने 1510-11च्या सुमारास शवविच्छेदनावरून हाताच्या आकृत्या काढल्या. आज त्या इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. बायसेप्स कोपर वाकवतो तसाच हात फिरवतोही, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही हे काम आवर्जून दिलेलं असतं. ते गळालं आहे फक्त आपल्या सर्वसाधारण समजुतीतून.

शक्यता आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मोजायला विजेची मदत झाली, तीही दोन वेगळ्या अंगांनी. 19व्या शतकात फ्रान्समध्ये ड्युशेन यांनी जिवंत माणसाच्या त्वचेवरून एकेका स्नायूला विजेचा प्रवाह देऊन तो काय हालचाल घडवतो हे नोंदलं. त्यांचा मोठा ग्रंथ 1867 साली आला. एकटा स्नायू आखडला तर काय होईल, याचं उत्तर या पद्धतीत मिळतं. पण आपण हात हलवतो तेव्हा मज्जासंस्था त्या स्नायूला बोलावते का, हे तिच्यातून कळत नाही, कारण इथे बोलावणारा प्रयोगकर्ता असतो. दुसरी पद्धत उलटी चालते. आखडताना स्नायू स्वतःच क्षीण विद्युतसंकेत निर्माण करतात. ते टिपायचे आणि माणसाला नेहमीसारखा हात हलवू द्यायचा. कॅनडातले शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन बास्माजियन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1957 साली कोपर वाकवणाऱ्या स्नायूंची अशी तपासणी प्रसिद्ध केली. पंजा कसाही धरा, हालचाल सावकाश करा की झटक्यात, हातात वजन असो वा नसो, ब्रेकिॲलिस हजर होता. बायसेप्स उताण्या हाताने वाकवताना चांगला कामाला लागायचा. पालथ्या हाताने वाकवताना मात्र वजन असतानाही त्याचा सहभाग पुष्कळदा नाममात्र राहायचा. कोपराच्या वरून निघून अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे जाणारा ब्रेकिओरेडिॲलिस हा तिसरा स्नायू झटक्याच्या किंवा वजनाच्या कामात मदतीला यायचा. या मोजणीला मर्यादा आहेत. संकेताची उंची म्हणजे स्नायूचा जोर नव्हे, आणि माणसागणिक फरकही बराच पडतो, जो बास्माजियन यांनीही नोंदला. तरी ब्रेकिॲलिस कायमचा हजर आणि बायसेप्स निवडक वेळी हजर, हे चित्र त्या मर्यादांत मावण्याइतकं ठळक आहे.

मज्जासंस्था बायसेप्सला असं राखून का ठेवते? उत्तर पुन्हा त्या कंडरेच्या पत्त्यात आहे. पालथ्या हाताने एखादी वस्तू उचलताना बायसेप्स जोरात आखडला तर कोपर वाकेलच, पण सोबत पंजाही उताणा होऊ पाहील आणि वस्तू कलंडेल. ते टाळायला पंजा पालथा ठेवणाऱ्या स्नायूंना उलटी ओढ लावत बसावं लागेल. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने ते पुसायचं, हा दुहेरी खर्च. ब्रेकिॲलिसला बोलावलं की हा खर्चच उरत नाही. याचं प्रतिबिंब पेचकसाच्या कामात दिसतं. तिथे बायसेप्सची पिरगाळणारी ओढ हवी असते, पण कोपर वाकायला नको असतं. मग तो नको असलेला परिणाम कोण थोपवतं? ट्रायसेप्स. स्क्रू आवळताना डावा हात दंडाच्या मागच्या बाजूला लावला तर ट्रायसेप्सही घट्ट झालेला लागतो. शाळेच्या आकृतीत हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, एक काम करतो तेव्हा दुसरा विसावतो. इथे दोघे एकाच कामावर एकाच वेळी राबतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: कोपर वाकवलं की बेटकुळी डोळ्यांदेखत फुगते, मग तीच वाकवते हे उघड नाही का? बेटकुळी दाखवताना हात कसा धरला जातो ते पाहा. मूठ तोंडाकडे वळवलेली, म्हणजे पंजा उताणा. बायसेप्स ज्या स्थितीत मनापासून काम करतो नेमकी तीच स्थिती आपण दिखाव्यासाठी निवडतो. शिवाय तो त्वचेलगत आहे आणि ब्रेकिॲलिस त्याच्याखाली. वरच्याच्या फुगवट्यात खालच्याचाही वाटा असतो, पण नाव वरच्याचं होतं. फुगवटा म्हणजे जोर नव्हे, याचा सणसणीत पुरावा एका दुखापतीतून मिळतो. बायसेप्सच्या लांब शिराची कंडरा वय वाढतं तशी ह्युमरसवरच्या त्या पन्हळीत झिजते आणि कधी कधी तुटते. तुटली की स्नायूचा गोळा कोपराकडे घसरतो आणि बेटकुळी पूर्वीपेक्षा मोठी, गोल दिसू लागते. पाश्चात्त्य डॉक्टर याला कार्टूनमधल्या पॉपायचं नाव देतात. दिसायला बलदंड झालेला हा दंड प्रत्यक्षात तुटलेल्या स्नायूचा असतो. आणि तरीही आखूड शीर शाबूत असल्यामुळे ताकद फारशी घटत नाही. वयस्कर रुग्णांत पुष्कळदा शस्त्रक्रिया न करताच भागतं.

खालची, म्हणजे रेडियसला धरणारी कंडरा तुटते तेव्हा गोष्ट वेगळी होते. ही दुखापत बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांना होते. वाकवलेल्या हातावर अचानक भार येतो, हात जबरदस्तीने सरळ होऊ लागतो आणि कंडरा हाडापासून उखडते. डॉक्टर कोपराच्या खळगीत बोटाचा आकडा करून कंडरा अडकते का ते बघतात. बोटाला काहीच लागलं नाही तर निदान जवळपास ठरलेलं. इथे बायसेप्स पूर्णपणे कामातून गेलेला असतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाची ही निसर्गाने केलेली चाचणीच म्हणायची. वाकवणं हे त्याचं मुख्य काम असतं तर हात वाकलाच नसता. प्रत्यक्षात तो वाकतो. कंडरा न जोडलेल्या रुग्णांच्या मोजणीत वाकवण्याची ताकद साधारण 30 टक्क्यांच्या आसपास घटलेली दिसली, तर हात उताणा करण्याची ताकद साधारण 40 टक्क्यांच्या आसपास. आकडे अभ्यासागणिक बदलतात, पण कल तोच राहतो. रोजच्या उचलसाचलीत माणूस निभावून नेतो. अडतं ते पाना, पेचकस, घट्ट नळ अशा पिरगाळण्याच्या कामात. हातावर पोट असलेल्या कारागिराला ही कंडरा लवकर जोडून घ्यायचा सल्ला देतात तो मुख्यतः यासाठी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तोही शस्त्रक्रियेतूनच येतो. मोटारसायकलच्या अपघातात मानेतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा ताणून तुटतो, तेव्हा बायसेप्स आणि ब्रेकिॲलिस दोन्ही लुळे पडतात, कारण दोघांना मुख्यतः एकाच नसेतून आज्ञा मिळते. फ्रेंच शल्यविशारद ओबेरलां यांनी 1994 साली एक युक्ती मांडली: पंजाकडे जाणाऱ्या शाबूत अल्नर नसेतला एक बारीक पदर काढून तो बायसेप्सच्या नसेला जोडायचा. त्यानंतर काही महिन्यांनी पुष्कळ रुग्ण कोपर वाकवू लागले. एकट्या बायसेप्सला जागं केल्यावर हात वाकतो, मग वाकवण्यातलं त्याचं मोठेपण कसं नाकारता येईल? नाकारायचं नाहीच. बायसेप्स कोपर वाकवू शकतो, आणि बऱ्यापैकी ताकदीने. पण हे शक्यतेचं उत्तर झालं. जवळ दुसरा कोणीच नसताना मज्जासंस्था मिळेल त्याच्याकडून काम करून घेते. सगळे शाबूत असताना ती कोणाला आधी हाक मारते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पुढे 2005च्या सुमारास अमेरिकेत सुसान मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या नसेचा पदर ब्रेकिॲलिसलाही जोडण्याची पद्धत मांडली, ती कोपर वाकवण्यातला त्याचा वाटा ध्यानात घेऊनच. या दुहेरी जोडणीने किती फायदा होतो, यावर शल्यविशारदांचं अजून एकमत नाही.

मागच्या बाजूच्या ट्रायसेप्सची कहाणी थोडक्यात आवरते, कारण तिथेही हाच नियम लागू पडतो. त्याची तीन शिरं एकत्र येऊन अल्नाच्या मागच्या टोकाला धरतात, म्हणून पंजाच्या दिशेशी त्याला काही देणंघेणं नाही. पुढच्या दोन्ही स्नायूंच्या मांसाची बेरीज केली तरी आकारमानात तो त्यांच्यापेक्षा जास्त भरतो. जाड दंडाचं श्रेय बेटकुळीपेक्षा त्यालाच द्यायला हवं. तालमीत जोर मारताना खाली जाताना आणि वर उठताना, दोन्ही वेळा त्याच्यावरच भार असतो. जाताना तो लांबत लांबत अंगाचा भार सावरतो, उठताना आखडत तो उचलतो. उलट वाकवलेल्या हातातली पिशवी हळूच टेबलावर ठेवताना कोपर सरळ होत असलं तरी ट्रायसेप्सला फारसं काम नसतं. पिशवी खाली न्यायला गुरुत्वाकर्षण पुरेसं असतं; ती आदळू न देण्याचं काम पुढचे वाकवणारे स्नायू करतात. हालचाल सरळ होण्याची आणि राबणूक वाकवणाऱ्यांची, हे शाळेच्या आकृतीत कुठेच बसत नाही.

मग बायसेप्स आहे तरी कशासाठी? तो एवढा मोठा असण्याचं कारण अशा कामांत शोधावं लागेल ज्यांत वाकवणं आणि उताणं करणं दोन्ही एकाच वेळी, जोराने हवं असतं. फांदीवरचं फळ पिरगाळून स्वतःकडे ओढणं, जड वस्तू कवेत घेऊन छातीशी आणणं, उताण्या मुठींनी आडव्या बारला लटकून अंग वर खेचणं ही तशी कामं. इथे त्याच्या दोन्ही परिणामांपैकी एकही पुसावा लागत नाही, म्हणून त्याच्यासारखा स्वस्त आणि जोरकस दुसरा नाही. पालथ्या मुठींनी बारवर चढणं बहुतेकांना जास्त जड जातं, त्याचं मुख्य कारणही हेच. व्यायामशाळेत डंबेल उताण्या पंजाने उचललं तर बायसेप्सचा वाटा वाढतो, अंगठा वर धरून उचललं तर ब्रेकिओरेडिॲलिसचा, आणि पालथ्या पंजाने उचललं तर ब्रेकिॲलिसवरचा भार वाढतो. फिजिओथेरपिस्ट ताकद तपासताना पंजा मुद्दाम या तीन प्रकारे धरायला लावतात तो याच हिशेबाने. तेव्हा ‘हा स्नायू काय करतो’ हा प्रश्न नुसता विचारून भागत नाही. पंजा कसा धरला आहे, कोपर किती वाकलं आहे, भार कोणत्या दिशेने आहे आणि सोबतीला कोण शाबूत आहे, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. शाळेच्या आकृतीत सुधारणा करायचीच झाली तर फार काही नको: बायसेप्सची कंडरा रेडियसला आणि ब्रेकिॲलिसची अल्नाला धरलेली स्पष्ट दाखवली, तर उरलेला हिशेब मुलं आपला आपण करतील.